डिटेक्टिव्हची दारू सोडवा

प्रश्न : ताई, मी सीरियल किलरवर थ्रिलर लिहितेय, इंदूरातच घडतो, डिटेक्टिव्हची बायको त्याच किलरनं मारलेली म्हणून तो सारखा पिऊन रडतो, शेवटी पाठलाग करून किलरला पकडतो, पण मैत्रिणी वाचून कंटाळल्या. काय करू?

उत्तर : अगं आधी दारू काढ, सगळेच पाजतात! धक्का बसलेला माणूस रडेलच असं नाही, त्याची झोप उडते, तो दचकतो, म्हणजे बघ, सराफ्यात, इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, कुणी शटर धाडकन पाडलं की ह्याच्या हातातली भुट्ट्याच्या किसाची प्लेट सांडते, बस, एवढं पुरे. आणि बायकोच्याच खुनाची केस त्याला देईल कोण? वरिष्ठ काढून घेतील, तिथे खरी मजाय. पकडायचं म्हणशील तर १९६८ मध्ये मुंबईत सीरियल किलर रामन राघवला सब-इन्स्पेक्टर अ‍ॅलेक्स फियालो यांनी रस्त्यात ओळखून धरलं. तेव्हा तो पाठलागाचा चॅप्टर पण उडव.