रुग्णाला अख्खे रक्त न देता फक्त प्लेटलेट का देतात, आणि सख्ख्या भावाचे रक्त अधिक चांगले नसते का?

आपण विचारले आहे की, घरातील चौघांनी रक्त दिले आणि त्यांत रुग्णाचा सख्खा भाऊही होता, तरी रुग्णाला मात्र एका अनोळखी दात्याच्या प्लेटलेटची (रक्त गोठायला मदत करणाऱ्या सूक्ष्म पेशींची) पिशवी चढवण्यात आली. मग आपले रक्त गेले कुठे, आणि ते सरळ का दिले नाही? मी रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे. रुग्णांचे नातेवाईक हाच प्रश्न खिडकीशी येऊन, बहुधा चिडून, विचारतात. त्यांचे चिडणे रास्त असते, कारण रक्त घेताना त्यांना हे कोणी नीट सांगितलेलेच नसते.

दात्याकडून आम्ही ३५० किंवा ४५० मिलिलिटर रक्त घेतो. पिशवीत आधीपासूनच सायट्रेट असलेले द्रावण असते. ते रक्तातील कॅल्शियम बांधून ठेवते आणि त्यामुळे रक्त गोठत नाही. १९१४-१५ च्या सुमारास सायट्रेटचा हा उपयोग ध्यानात येईपर्यंत रक्त साठवणे जवळजवळ अशक्यच होते आणि दात्याला रुग्णाच्या शेजारी निजवून रक्त द्यावे लागे. ही पिशवी सेंट्रिफ्यूजमध्ये वेगाने फिरवून बाहेर काढली की थर स्पष्ट दिसतात: तळाशी गडद तांबड्या पेशी, वर पिवळसर प्लाझ्मा, म्हणजे रक्तातील द्रव भाग, आणि दोहोंच्या मधे पांढुरकी पातळ साय, जिच्यात पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट असतात. मग पिशवी हळूहळू दाबून एकेक थर नळीवाटे जोडपिशव्यांमध्ये सरकवला जातो.

एवढा खटाटोप करण्याचे मुख्य कारण असे की, हे तिन्ही घटक एका तापमानात टिकत नाहीत. तांबड्या पेशींना २ ते ६ अंश सेल्सिअसचा फ्रीज लागतो आणि योग्य पोषक द्रावणात त्या ४२ दिवसांपर्यंत वापरता येतात. प्लाझ्मा काही तासांच्या आत गोठवून उणे १८ अंशांहून थंड ठेवला तर वर्षभर टिकतो. प्लेटलेटना मात्र थंडी चालत नाही. गार झालेल्या प्लेटलेट रुग्णाच्या शरीरातून फार लवकर काढून टाकल्या जातात. म्हणून त्या २० ते २४ अंशांत, सतत हलणाऱ्या तबकांवर ठेवाव्या लागतात, आणि त्या उबेत जंतूही वाढू शकत असल्यामुळे त्यांची मुदत साधारणपणे पाचच दिवसांची असते. चांगली पिशवी उजेडासमोर धरून हलवली की आत रेशमी लहरी फिरताना दिसतात. त्या दिसेनाशा झाल्या तर पेशींचा आकार बिघडला असे आम्ही समजतो. थोडक्यात, अख्खे रक्त फ्रीजमध्ये काही दिवस राहिले की त्यात कामाच्या उरतात त्या मुख्यतः तांबड्या पेशी.

आता आपल्या रुग्णाकडे वळू. एका दात्याच्या रक्तातून वेगळ्या केलेल्या प्लेटलेटच्या पिशवीने प्रौढ माणसाच्या रक्तातील प्लेटलेटची संख्या (दर मायक्रोलिटरमागे) जेमतेम पाच ते दहा हजारांनी वाढते. ती तीस हजारांनी वाढवायची आणि त्यासाठी ताजे अख्खेच रक्त वापरायचे म्हटले, तर दीड-दोन लिटर रक्त चढवावे लागेल, आणि ज्याला तांबड्या पेशींची गरजच नाही अशा रुग्णाच्या हृदयावर त्या द्रवाचा भार पडून फुप्फुसांत पाणी साठू शकेल. एसडीपी (सिंगल डोनर प्लेटलेट, म्हणजे एकाच दात्याच्या प्लेटलेट) नावाची पिशवी हा त्यावरचा उपाय आहे. तिच्यासाठी एकाच दात्याचे रक्त यंत्रातून फिरवून प्लेटलेट तेवढ्या काढून घेतात आणि बाकीचे रक्त त्याच्या शरीरात परत सोडतात. तेवढ्या एका पिशवीने संख्या तीस ते साठ हजारांनी वाढू शकते. आपल्या रुग्णाला बहुधा हीच पिशवी मिळाली असावी.

आपल्या चौघांच्या पिशव्या मात्र त्या घटकेला तशाही देता आल्या नसत्या, कारण एचआयव्ही, कावीळ ब आणि क यांसारख्या संसर्गांच्या तपासण्या पूर्ण होईपर्यंत त्या वेगळ्या ठेवाव्या लागतात. त्यानंतर त्यांतील तांबड्या पेशी एखाद्या रक्तक्षय झालेल्या रुग्णाला आणि प्लाझ्मा यकृत निकामी होऊन रक्तस्राव होणाऱ्या दुसऱ्याला गेला असेल. जाता जाता सांगतो, प्लाझ्माच्या बाबतीत रक्तगटाचे गणित उलटे चालते: तांबड्या पेशी कोणालाही चालतील असा गट ओ निगेटिव्ह, तर प्लाझ्मा कोणालाही चालेल असा गट एबी.

अख्खे रक्त पूर्णपणे बाद झाले आहे, असेही नाही. अपघातात प्रचंड रक्तस्राव झाला की पेशी, प्लाझ्मा आणि प्लेटलेट हे सगळेच एकदम कमी पडते, आणि अशा वेळी काही ठिकाणी ते आजही दिले जाते.

भावाच्या रक्ताविषयीचा समज मात्र पूर्णपणे सोडून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पिशवीत दात्याच्या काही जिवंत लिम्फोसाइट पेशी, म्हणजे पांढऱ्या पेशींचा एक प्रकार, असतात. अनोळखी दात्याच्या या पेशी रुग्णाची प्रतिकारशक्ती परक्या म्हणून ओळखते आणि नष्ट करते. पण जवळच्या नातेवाइकाचा ऊतीगट (पेशींवरील ओळखखुणांचा संच) रुग्णाशी इतका जुळू शकतो की त्या ओळखल्याच जात नाहीत, त्या तग धरतात आणि रुग्णाच्या त्वचेवर, यकृतावर, आतड्यांवर आणि अस्थिमज्जेवर हल्ला चढवतात. हा प्रकार अत्यंत विरळा असला तरी झाला की बहुतेक वेळा जिवावरच बेततो. पेशीयुक्त पिशवीला आधी २५ ग्रे (किरणोत्साराच्या मात्रेचे एकक) इतक्या मात्रेचे किरण दिले तर तो टळतो. शिवाय पुढे अस्थिमज्जा प्रत्यारोपणाची शक्यता असलेल्या रुग्णाला घरच्यांचे रक्त सहसा देतच नाहीत, कारण त्यामुळे रुग्णाच्या शरीरात त्यांच्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडे तयार होऊन तेच नातेवाईक दाते म्हणून निरुपयोगी ठरू शकतात.

म्हणून रक्त देताना अर्जावर रुग्णाशी असलेले नाते अवश्य लिहावे. किरण देण्याची सोय असेल तर पेढी पिशवीवर तशी प्रक्रिया करते. नसेल तर ती पिशवी दुसऱ्या कोणाला देऊन आपल्या रुग्णासाठी अनोळखी दात्याची निवडते.