ट्रकचे पाटे कल्टिव्हेटरच्या चौकटीला वेल्ड करू का?

प्रश्न: कल्टिव्हेटरच्या चौकटीची मागची आडवी पट्टी मोडली. भंगारातले ट्रकचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) आणि ६०१३ वेल्डिंग रॉड घरात आहेत. त्यातच भागवू की नवं लोखंड आणू? किती जाडीचं?

उत्तर: पाटे पडू द्या, नवं एमएस (माइल्ड स्टील, म्हणजे साधं लोखंड) आणा.

याच विषयावर माझं आणि थोरल्या भावाचं वाजलेलं आहे, त्यामुळे उत्तर लांबणार. दादाचं म्हणणं, "जो पाटा भरल्या ट्रकचं ओझं पेलतो, त्याला कल्टिव्हेटर काय जड?" पेलतो, कबूल. पण ट्रकवर पाट्याला कुठे वेल्डिंग पाहिलंय का? यू-बोल्टने आवळलेला असतो तो. पाट्यात कार्बन अर्धा टक्का किंवा त्याहून जास्त, एमएसमध्ये पाव टक्क्याच्या आसपास किंवा कमी. वेल्डिंग करताना टाक्याशेजारचा भाग लाल होतो आणि बाकीचं थंड लोखंड ती उष्णता झटक्यात ओढून घेतं. फाळाला पाणी देतात तेच झालं की हे, फक्त नको त्या जागी. तेवढी जागा कडक आणि ठिसूळ होऊन बसते.

मी नको म्हणत असताना दादाने आमच्या चौकटीला पाट्याचा जोड मारून घेतलाच. वेल्डरचा हात सुरेख होता, टाक्यावरची खपली उडवल्यावर लहरी एकसारख्या. पण जोड लवकर निवावा म्हणून वर पाणी ओतलं. पहिल्याच कठीण रानात पट्टी गेली. दादा तिथूनच ओरडला, "वेल्डिंग सुटलं!" मी तुकडा उचलून त्याच्यासमोर धरला. टाका अख्खा शाबूत. मोड त्याच्या अंगाला लागून, सरळ, कुठे वाकल्या-ताणल्याची खूण नाही, आतले दाणे चकचकीत. वेल्डिंग सुटलं नव्हतं, पाटा फुटला होता. तरी घरात आजही दोष वेल्डरलाच.

"कडक लोखंड लवत नाही" हाही दादाचाच सिद्धांत. लवतं. तेवढ्याच भाराखाली एमएस आणि पाटा जवळपास सारखेच लवतात. एमएस आधी कायमचं वाकतं, एवढाच फरक. लवणं कमी करायचं तर ओढीच्या दिशेची रुंदी वाढवा. भरीव पट्टीची ती रुंदी दुप्पट केली की ताठपणा आठपट होतो. म्हणून बॉक्स सेक्शन (चौकोनी पोकळ पाइप) बरा, कमी लोखंडात रुंदी मिळते. जाडी जुनी मोजून तेवढीच घ्या. एकच पट्टी जाड केलीत तर पुढच्या वेळी शेजारचा सांधा मोडेल.

रॉड ७०१८. ६०१३ गेट-खिडक्यांना छान, पण हादरे खाणाऱ्या चौकटीला मी लावणार नाही. कडा तिरप्या घासून व्ही करा, गंज-रंग काढा, मुळापासून थर भरत या. ७०१८ कोरडाच हवा. उघड्या पुड्यातल्या रॉडला ओल लागते, त्यातून वेल्डिंगमध्ये हायड्रोजन शिरतो आणि तडा कधीकधी दुसऱ्या दिवशी दिसतो.

आता, वेल्डिंग मशीन जुनं, एसी करंटचं असेल तर साधा ७०१८ त्यावर धड चालत नाही. मग ६०१३च वापरा, पण व्ही नीट करा आणि प्रत्येक थराची खपली पूर्ण काढा. आणि पाट्याला वेल्डिंग होतच नाही असंही नाही. दोन-तीनशे अंशांपर्यंत तापवून, ७०१८ ने जोडून, कोरड्या चुन्यात किंवा राखेत सावकाश निवू दिलं तर होतं. दादाला हे सांगितलं की तो म्हणतो, "बघ, होतं की नाही!" पण एका आडव्या पट्टीसाठी ही उठाठेव कशाला? फणही बहुधा पाट्यासारख्याच स्प्रिंग स्टीलचे असतात. ते बोल्टनेच लावा.

अवजार ट्रॅक्टरला जोडलेलंच ठेवून वेल्ड करणार असाल तर आधी बॅटरीच्या वायरी सोडा, आणि अर्थिंगचा चिमटा जोडाच्या जवळच लावा. करंट बेअरिंगमधून गेला की तेही बदलावं लागेल.