अंतराळ लिफ्ट झाल्याशिवाय अंतराळातली सौरऊर्जा परवडणारच नाही का? मग आधी पैसा लिफ्टवर लावायला नको का?

माझ्या मते नको. लिफ्टची वाट पाहिली तर सौरऊर्जेचं कामही अडून बसेल.

लिफ्टची कल्पना मलाही मोह घालते. विषुववृत्तावरून निघून ३५,७८६ किलोमीटरवरच्या भूस्थिर कक्षेच्याही (जिथला उपग्रह जमिनीवरून एकाच जागी दिसतो) पलीकडे गेलेली तार, आणि तिच्यावरून रॉकेटविना वर चढणारं सामान! रशियन अभियंते युरी आर्त्सुतानोव्ह यांनी ती १९६० साली मांडली. अडतं ते तारेच्या स्वतःच्या वजनापाशी. उत्तम पोलादाची तार उभी टांगली तर पंचवीस-तीस किलोमीटर लांबीला स्वतःच्याच भाराने तुटते, केव्हलार या मजबूत कृत्रिम धाग्याची अडीचशेच्या आसपास. कक्षेपर्यंत एकाच जाडीची तार न्यायची तर हाच आकडा जवळपास ४,९०० हवा (उंचीबरोबर ओढ कमी होत जाते, म्हणून पूर्ण ३५,७८६ नको). वर जाताना तार जाड करत नेली तर थोडी सवलत मिळते, पण पोलादाला तीही पुरत नाही. कार्बन नॅनोट्यूबमध्ये, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांमध्ये, तेवढं बळ आहे. मात्र २०१३ साली चीनमध्ये झालेली विक्रमी नॅनोट्यूब अर्ध्या मीटरची होती. शिवाय अर्धवट लिफ्ट एक किलोही वर नेत नाही.

सौरऊर्जेला असा चमत्कारी पदार्थ लागत नाही. कक्षेतल्या उपग्रहाने उन्हाची वीज करायची आणि ती सूक्ष्मलहरींनी जमिनीवर पाठवायची, ही योजना अभियंते पीटर ग्लेसर यांनी १९६८ साली मांडली. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात गोल्डस्टोनला तीस किलोवॅटहून जास्त वीज सूक्ष्मलहरींनी दीड किलोमीटर पाठवून झाली. २०२३ मध्ये कॅलटेक या कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठाच्या उपग्रहाचा झोत पासाडेनातल्या गच्चीवर टिपला गेला. इथे अडचण आकाराची आहे. १२ सेंटिमीटरच्या लहरी भूस्थिर कक्षेतून पाठवायच्या तर एक किलोमीटर रुंद अँटेना लागते, तरी झोत जमिनीवर दहा किलोमीटर पसरतो. अँटेना निम्मी केली की पसारा दुप्पट! (झोतात पक्षी भाजतील ही भीती मात्र सोडा. नासाच्या जुन्या आराखड्यात मध्यभागीही तीव्रता दुपारच्या उन्हाच्या पावपट होती.)

खर्चाबद्दल तुमची शंका रास्तच आहे. नासाच्या २०२४ च्या अहवालात अशी वीज जमिनीवरच्या अक्षय ऊर्जेच्या १२ ते ८० पट महाग पडते, आणि त्यात मोठा वाटा प्रक्षेपणाचा आहे. पण प्रक्षेपण स्वस्त करायला लिफ्टच हवी असं नाही. तेच बूस्टर (रॉकेटचा खालचा, सुरुवातीचा जोर देणारा भाग) पुन्हापुन्हा वापरणारी रॉकेटं आज उडतायत, आणि त्यांचा घटलेला प्रत्येक रुपया लगेच कामी येतो.

म्हणून माझ्या हातात निधी असता तर तो मी कक्षेत यंत्रमानवांकडून अँटेना जोडून घेण्याच्या चाचण्यांवर लावला असता. नॅनोट्यूबच्या प्रयोगशाळांनाही थोडा दिला असता. जमिनीवरच्या सौर पॅनेलचा पैसा मात्र यासाठी कापू नये. ती वीज आजच स्वस्त आहे.