पुसलेलं खातं परत येतं तेव्हा

प्रश्न : आमच्या दूध संस्थेचं ॲप वाड्यावस्त्यांवरच्या मोबाइलवर चालतं. रेंज नसली तरी नोंद होते, रेंज आली की सर्व्हरशी सिंक. बंद पडलेली तीन खाती डिलीट केली, तर तीन आठवड्यांनी ती पुन्हा यादीत हजर! असं कसं?
– एक वाचक, पाटण

उत्तर : हे भूत माझ्याही मानगुटीवर बसलं होतं. आमचा एक फोन महिनाभर कुणाच्या तरी ड्रॉवरमध्ये बंद पडून होता. चार्ज करून लावल्यावर त्याने इमानदारीत सर्व्हरला कळवलं, "या नोंदी तुझ्याकडे दिसत नाहीत, घे."

डिलीट केल्यावर सर्व्हर त्या जागी ‘ही नोंद गेली’ अशी खूण ठेवतो. तिला टूमस्टोन म्हणतात. पण खुणाही साचतात, म्हणून त्याही कधीतरी झाडाव्या लागतात. कॅसँड्रा डेटाबेसमध्ये ही मुदत मुळात 8,64,000 सेकंद, म्हणजे 10 दिवस असते. त्याहून जास्त दिवस बेपत्ता राहिलेल्या यंत्राला खूण दिसतच नाही. तुमचं तेच झालं असणार.

मुदत वाढवा, असं कुणीही सुचवेल. पण किती? नदीत पडलेला फोन कधीच येणार नाही. फोन मेला की डोंगराआड गेला, हे सर्व्हरला कळत नाही, दोन्हीकडून शांतताच. जावा आरएमआयमध्ये (दुसऱ्या संगणकावरची प्रोग्रॅममधली वस्तू दुरून वापरायची जावा भाषेतली सोय) मुळात 10 मिनिटांचा करार असतो, वापरणाऱ्याने तो वेळेत वाढवला नाही तर सर्व्हर ती वस्तू सोडून देतो. ऑफिसातल्या वायरवर ठीक आहे. घाटात 10 मिनिटं म्हणजे एक वळण.

मी असं करतो : प्रत्येक फोनने कुठल्या क्रमांकापर्यंतचे बदल घेतले, ते सर्व्हरवर लिहून ठेवतो. क्रमांक सर्व्हरचाच, फोनच्या घड्याळावर विसंबू नका, गेमसाठी तारीख मागे नेणारी पोरं असतात. हीच फोनची हजेरी. हजेरीतले सगळे फोन खुणेच्या क्रमांकापुढे गेले की खूण झाडायची. 45 दिवस न दिसलेल्या फोनचं नाव हजेरीतून कमी. तो परतलाच, तर त्याच्याशी मिसळामिसळ नाही. आधी त्याच्यात अडकलेल्या नव्या संकलन-नोंदी काढून घ्या, मग त्याची प्रत पुसून कोरी यादी द्या. क्रम उलटा करू नका. मी केला होता. दोन दिवसांचं दूध नंतर फॅटच्या चिठ्ठ्या जुळवून भरलं.

त्या नोंदींत बंद खात्यावरचं दूध निघालं, तर निर्णय ॲपवर सोडू नका. यादी सचिवांपुढे ठेवा. कुणाच्या म्हशीचं होतं ते त्यांना ठाऊक असतं.