सायकल घ्या, पण स्कूटर एवढ्यात विकू नका

तुमचं पत्र दोनदा वाचलं, आणि खरं सांगू का, पहिल्यांदा वाचताना मीपण मान डोलावत होतो, आकडे एवढे छान मांडलेत तुम्ही. दुसऱ्यांदा कॅल्क्युलेटर घेऊन बसलो तेव्हा गडबड दिसली.

बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: ऑफिस ७ किलोमीटर, रस्ता बऱ्यापैकी सपाट, मध्ये एक पूल. महिन्याला २२ दिवस जाणं-येणं. स्कूटर ६ वर्षांची, कर्ज फिटलेलं. घरात एक चारचाकी आहे पण ती बायको नेते. आता प्लॅन असा की स्कूटर विकायची, चांगली गिअरवाली सायकल १२ बिनव्याजी हप्त्यांवर घ्यायची, जिमची मेंबरशिप बंद करायची आणि वाचलेलं पेट्रोल दर महिन्याला गुंतवायचं, म्हणजे १० वर्षांत मोठी रक्कम तयार.

हिशोब सोपा व्हावा म्हणून आपण एक चलन ठरवू. तुमच्या स्कूटरला महिन्याला जेवढं पेट्रोल लागतं ते म्हणजे १ टाकी. कुठलाही वाचणारा यात स्वतःचा आकडा घालू शकतो. तुम्ही दिलेल्या किमती यात बसवल्या तर सायकल १८ टाक्यांची आहे, स्कूटर विकून १२ टाक्या येतील, आणि स्कूटरचा विमा, सर्व्हिसिंग, टायर-बॅटरी वगैरे मिळून वर्षाला ६ टाक्या जातात. तुमचं म्हणणं, १८ टाक्यांची सायकल, महिन्याला १ टाकी वाचणार, म्हणजे १८ महिन्यांत पैसे वसूल.

नाही होत हो असं.

तुम्हीच लिहिलंय की पेट्रोलचं साधारण ७० टक्के ऑफिसला जातं, बाकी बाजारहाट, मुलीचा क्लास, इकडचं तिकडचं. ते ३० टक्के सायकलवर लगेच येणार नाही. दुसरं, २२ पैकी २२ दिवस कोणीच सायकलने जात नाही, निदान पहिल्या वर्षी तरी नाही. पाऊस असतो, ताप येतो, बॉस सकाळी लवकर मीटिंग ठेवतो, कधी नुसता कंटाळा येतो आणि तो पण हिशोबात धरायचा असतो. मी १४ दिवस धरतो, आणि १४ म्हणजे उत्साही माणूस. मग वाचलं किती? ७० टक्क्यांचे २२ पैकी १४ भाग, म्हणजे ०.४५ टाकी. त्यातून सायकलचा स्वतःचा खर्च, ट्यूब, ब्रेकचे रबर, चेन, ऑइल, वर्षाला एक टाकी समजा, म्हणजे महिन्याला ०.०८. हातात राहिलं ०.३७.

आणि सायकल नुसती सायकल नसते ना. कुलूप, हेल्मेट, पुढचा-मागचा लाइट, मडगार्ड, कॅरिअर, पंप, एक जादा ट्यूब. दुकानात नवी सायकल बघताना यातलं निम्मं तिच्यावर नसतं आणि ते आपल्या लक्षातही येत नाही. याला ४ टाक्या धरल्या तर एकूण २२, भागिले ०.३७, म्हणजे ६० महिने. तुमचे १८ महिने ५ वर्षं झाले.

म्हणजे सायकल नको का? उलट, मला तुमचा विचार आवडलाय, फक्त पैसा कुठे आहे हे तुम्ही चुकीच्या जागी शोधताय. पैसा पेट्रोलमध्ये नाहीच, पैसा आहे दाराशी उभ्या असलेल्या गाडीत. स्कूटर चालवा नाहीतर उभी ठेवा, विमा भरावाच लागतो, बॅटरी उतरतेच, टायर उन्हात कडक होतोच. ती घरातून खरंच गेली तर महिन्याची १ टाकी आणि वरची अर्धी असे दीड वाचतात. त्यातून सायकल नसेल त्या दिवसांची रिक्षा-बस-टॅक्सी आणि चारचाकीचं वाढलेलं पेट्रोल (ते वाढणार, मुलीचा क्लास काही बंद होणार नाहीये) मिळून ०.६ काढा, सायकलचे ०.०८ काढा. राहिले ०.८२. दुपटीपेक्षा जास्त! शिवाय ४-५ वर्षांनी ही स्कूटर बदलायची वेळ आली असती, ती नवी घ्यावी लागणार नाही. माझ्या मते सगळ्यात मोठी बचत तीच आहे आणि तुमच्या पत्रात तिचा उल्लेखसुद्धा नाही.

मग विकायचीच आहे तर आत्ता का नको? कारण तुम्ही सायकलने ऑफिसला जाणारा माणूस आहात की नाही हे अजून तुम्हालाच माहीत नाही. राग मानू नका, मलाही माझ्याबद्दल माहीत नव्हतं. आज विकली आणि दोन महिन्यांत गुडघा दुखायला लागला तर परत गाडी घ्याल, ती नवीन घ्याल, बहुतेक हप्त्यावर घ्याल, म्हणजे विकताना कमी आणि घेताना जास्त असा दोन्हीकडून फटका. उलट थांबायची किंमत बघा. गाडीची किंमत पहिल्या दोन-तीन वर्षांत जोरात पडते, ६ वर्षांच्या गाडीची पडझड बरीचशी होऊन गेलेली असते, ४ महिन्यांत असा काय फरक पडणार. ४ महिन्यांचा विमा-देखभाल म्हणजे साधारण २ टाक्या. एवढ्या मोठ्या निर्णयाची खात्री २ टाक्यांत मिळत असेल तर मी डोळे मिटून देईन.

आता १८ टाक्यांची सायकल. ती नका घेऊ, निदान पहिली म्हणून तरी नका. जुनी, साधी, चांगल्या अवस्थेतली घ्या, ४ टाक्यांत यावी, १ टाकी तिच्या सर्व्हिसिंगला ठेवा. सायकलचं मोबाईलसारखं नसतं, की दोन वर्षांत जुनी झाली. जॉन केम्प स्टार्लीची रोव्हर सायकल १८८५ मध्ये आली, चेनने मागचं चाक फिरवणारी, डनलॉपचा हवेचा टायर १८८८ चा, आणि आजची सायकल मुळात त्याच बेतावर चालते. दहा वर्षं जुनी सायकल नीट ठेवलेली असेल तर ऑफिसला तेवढ्याच वेळात पोचवते. ७ किलोमीटरला ताशी १५ च्या वेगाने २८ मिनिटं, पहिल्या आठवड्यात ३५-४० धरा. सपाट रस्त्याला ढीगभर गिअर नकोत, एका पुलासाठी मागे ६-७ गिअर असले तरी पुष्कळ झाले. आणि ते पुढचे स्वस्तातले सस्पेन्शनवाले फोर्क, ते बघून हरखू नका, डांबरी रस्त्यावर त्यांचा उपयोग कमी आणि वजन जास्त, पायडल मारताना फोर्क खालीवर होऊन ताकद त्यातच मुरते.

जुनी बघताना फ्रेमच्या जोडांवर तडा आहे का ते आधी बघा, तडा असेल तर फुकट दिली तरी नको. चाक उचलून फिरवा, रिम ब्रेकला एका ठिकाणी घासत असेल तर चाक आउट आहे, म्हणजे वाकलंय, थोडा बाक असेल तर निघतो. क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, हाताने धरून आडवी हलवून बघा, खडखड म्हणजे बेअरिंगचा खर्च. टायरच्या बाजूला ५५९ किंवा ६२२ असा आकडा असतो, तो वाचा, हे दोन माप नेहमीचे आहेत, काहीतरी विचित्र असेल तर पुढे टायर शोधत फिराल. चेन मापायला स्टीलची पट्टी न्या. एका पिनेच्या मध्यावर शून्य ठेवलं की नव्या चेनमध्ये १२ इंचावर बरोबर पिनेचा मध्य येतो. तो १/१६ इंच पुढे गेलेला असेल तर चेन बदलायची वेळ झाली, १/८ गेला असेल तर दातेसुद्धा खाल्ले गेलेत असं समजा, आणि किंमत पाडून मागा. हे माप घेतल्यावर पुढेही दर दोन-तीन महिन्यांनी घेत जा, वेळेवर बदललेली चेन स्वस्त पडते, उशीर केला तर चेनबरोबर मागचं फ्रीव्हील, म्हणजे दात्यांचं चक्रही जातं. आमच्या विम्याच्या धंद्यात याला लॅप्स झालेली, म्हणजे वेळेत हप्ता न भरल्याने बंद पडलेली पॉलिसी म्हणतात :)

सीट मात्र फुकटात नीट होते. टाच पायडलवर ठेवून पायडल सगळ्यात खाली नेलं की पाय सरळ झाला पाहिजे, मग चालवताना चवड्याने मारलं की गुडघ्यात थोडा बाक राहतो. लोक भीतीने सीट खाली ठेवतात आणि मग गुडघे धरून बसतात, आणि सायकल गॅलरीत जाते.

कुलपावर कंजुषी नको. मी स्वतः पहिल्या सायकलला दणकट यू-लॉक घेतलं होतं, फ्रेम आणि मागचं चाक मिळून खांबाला बांधायचो, एकदम हुशार. सीटला मात्र हाताने उघडणारा क्विक-रिलीज होता हे विसरलो. संध्याकाळी येऊन बघतो तर सायकल जागेवर, सीट गायब, ६ किलोमीटर उभ्याने आलो, रस्त्याने ओळखीचे लोक हात करत होते. तुम्ही सीटला साधा नट-बोल्ट लावून घ्या.

बिनव्याजी हप्त्यांबद्दल. दुकानदाराला विचारा, आत्ता पूर्ण रोख दिले तर किती सोडाल? ५ टक्के जरी सोडले तरी ती सूट गमावून १२ हप्ते भरणं म्हणजे वर्षाला जवळपास १० टक्के व्याज झालं, कारण पूर्ण रक्कम वर्षभर तुमच्याकडे थोडीच राहते, दर महिन्याला कमी होत जाते. वर प्रोसेसिंग फी असेल तर अजून. अर्थात जुनी घेतली तर हा प्रश्नच येत नाही. बायको ई-सायकल सुचवतेय असं लिहिलंय, पूल आणि घाम बघता कल्पना वाईट नाही, पण बॅटरी हा टायरसारखाच झिजणारा भाग आहे, फक्त बराच महाग. नवी बॅटरी कितीला पडते ते आधी विचारून तो आकडा वर्षांवर वाटून खर्चात धरा. साध्या सायकलवर चार महिने काढून मग बघा, मी म्हणेन.

जिम. तुम्हीच लिहिलंय की गेल्या महिन्यात तीनदा गेलात. ती बंद कराच, पण त्याचं श्रेय सायकलला देऊ नका, तो पैसा आधीच वाया जात होता. आरोग्य विम्याला हात लावू नका, आणि स्कूटर विकाल तेव्हा तिच्या विम्याबरोबर स्वतःचं अपघाताचं कवच जातंय का ते वाचा, जात असेल तर वेगळं घ्या, सायकलवरचा माणूसही रस्त्यावरच असतो.

तुमच्या १० वर्षांच्या आकड्याचं बघू. महिन्याला १ टाकी, १२ टक्के परतावा, १० वर्षं, याचे तुम्ही २३० काढलेत. गणित बरोबर आहे, १२ टक्क्यांची हमी कोणी दिली ते मला सांगा. बरं, तुमचेच १२ धरले, तरी स्कूटर ठेवून ९ टाक्यांत जुनी सायकल आणि सामान घेतलं तर पहिले २४-२५ महिने तो खर्च भरून काढण्यात जाणार, नंतर महिन्याला ०.३७, म्हणजे शेवटी ६० च्या आसपास. आणि ४ महिन्यांनी स्कूटर विकली तर त्या १२ टाक्यांत सायकलचे ९ निघून वर ३ उरतात, पुढे महिन्याला ०.८२ गुंतवले तर १७५ ते १८०. एकच माणूस, एकच सायकल, फरक फक्त स्कूटर गेली की राहिली एवढाच. पण हे पैसे आपोआप साठत नाहीत हां, पेट्रोल वाचलं असं म्हणून बाहेरचं जेवण होतं आणि संपतं. ज्या रात्री पगार येतो त्याच रात्री ती रक्कम वेगळ्या खात्यात जायला हवी.

तर चार महिने असं करा. रविवारी रिकाम्या रस्त्याने एकदा ऑफिसपर्यंत जाऊन या. मग आठवड्यात दोनच दिवस, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून तीन. एक जोडी कपडे ऑफिसात ठेवा. दर आठवड्याला हवा भरा, दाब किती ते टायरवरच लिहिलेलं असतं, कमी हवेवर खड्ड्यात ट्यूब रिमला चिमटते आणि पंक्चर होते. कॅलेंडरवर रोज एक अक्षर, सायकल असेल तर सा, स्कूटर असेल तर स्कू, टॅक्सी असेल तर टॅ. चार महिन्यांत एक तरी खराब हवेचा महिना आला पाहिजे, नाहीतर चाचणी अर्धवट. शेवटच्या दोन्ही महिन्यांत सा १२ च्या वर असतील तर स्कूटर विका आणि मागे वळून बघू नका. ७-८ वर अडकले असतील तर दोन्ही ठेवा, सायकल मजेसाठी चालवा, ९ टाक्या छंदाला गेल्या, हरकत नाही. मधल्या काळात स्कूटर आठवड्यातून एकदा तरी चालवा, नाहीतर विकायच्या दिवशी गिऱ्हाईक समोर उभं आणि ती चालूच होणार नाही.

आणि एक राहिलं, स्कूटरचा विमा कधी संपतोय ते तुम्ही लिहिलं नाही. या चार महिन्यांत संपत असेल तर विकायचीच आहे म्हणून तसाच सोडू नका, वेळेत भरा, भरायच्या आधी मला तारीख कळवा.