रेपो एक का दोन?

प्रश्न: आम्ही दोघं मित्र महाद्वार रोडवरच्या एका चप्पल दुकानासाठी ऑर्डर घ्यायचं वेब ॲप करतोय, पुढं ब्राउझरात रिॲक्ट, मागं सर्व्हरवर एक्सप्रेस. सगळा कोड एकाच फोल्डरात हाय, कुठली फाइल ब्राउझरची न् कुठली सर्व्हरची तेच कळंना झालंय. परवा डेटाबेसची फाइल पुढच्या कोडात इम्पोर्ट झाली आणि बिल्ड (ब्राउझरासाठी कोड बांधायची पायरी) फुटला. मित्र म्हणतो दोन रेपो, म्हणजे गिटमधली कोडाची दोन वेगळी कोठारं, करू. करू का?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर: बिल्ड फुटला हे नशीब समजा, फुटला नसता न् डेटाबेसचा पासवर्ड बंडलमधनं, म्हणजे ब्राउझरात जाणाऱ्या कोडातनं, बाहेर गेला असता म्हणजे? दोघंच आहात, दोन रेपो कशाला. ऑर्डरमध्ये एक रकाना वाढवायचा तरी दोन पुल रिक्वेस्ट (बदल सामील करून घ्यायच्या विनंत्या), त्यात तुम्ही पुश केलं आणि मित्र खासबागेत भेळ खात बसला की बसा बोंबलत.

रेपो एकच ठेवा, आत क्लायंट, सर्व्हर, शेअर्ड असे तीन फोल्डर, प्रत्येकाची पॅकेज डॉट जेसन (लागणाऱ्या पॅकेजेसची यादी) वेगळी. पॅकेजेस बसवणाऱ्या एनपीएममध्ये 7 पासनं वर्कस्पेसेस, म्हणजे एका रेपोत अनेक पॅकेजेस सांभाळायची सोय, आहे, रूटला एकदा इन्स्टॉल मारलं की तिन्हीचं होतं. क्लायंट न् सर्व्हरनं एकमेकांतनं काही इम्पोर्ट करायचं नाही, दोघांनी शेअर्डमधनं घ्यायचं, शेअर्डनं कुणाकडनंच नाही. हे तोंडी ठरवून टिकत नाही बघा, कोड तपासणाऱ्या ईएसलिंटचा नो-रिस्ट्रिक्टेड-इम्पोर्ट्स हा नियम लावूनच टाका.

शेअर्डमध्ये काय, तर चपलेचे कुठले नंबर चालतात, मोबाईल 10 आकडीच पाहिजे, असल्या तपासण्या. फॉर्म त्यावर लगेच लाल होतो, पण तीच तपासणी सर्व्हरवर परत करायचीच, ब्राउझरातला कोड गिऱ्हाइकाच्या हातात असतो की. माझंच सांगतो, पहिल्या प्रोजेक्टात मी एकूण रक्कम क्लायंटवर काढून तशीच पाठवायचो, एका पोरानं ब्राउझरातली डेव्हटूल्स उघडून 1,850 चा जोड 1 रुपयात बुक केला, आणि दुकानदाराचा फोन आला तो, काय सांगू! आता क्लायंटकडनं फक्त वस्तूचा आयडी न् नग घेतो, भाव सर्व्हर डेटाबेसातनं काढतो.

बिल्डसाठी व्हिट वापरत असाल तर नावाआधी 'व्हिट अंडरस्कोअर' (VITE_) असलेलं एन्व्ह व्हेरिएबल (कोडाबाहेर ठेवलेली सेटिंग) क्लायंटच्या कोडाला दिसतं, म्हणजे जगालाच. पेमेंटची सीक्रेट की तसल्या नावानं ठेवू नका. डेव्हलपमेंटला क्लायंटचा 5173 आणि सर्व्हरचा 3000 असे दोन पोर्ट झाले की कॉर्सची एरर येते, म्हणजे एका पत्त्यावरच्या पानाला दुसऱ्या पत्त्याचं उत्तर ब्राउझर वाचू देत नाही, त्याला व्हिटच्या कॉन्फिगमध्ये एपीआयचा प्रॉक्सी (मागण्या सर्व्हरकडं पुढं पाठवणारा) टाकला की झालं.

आणि फाइली हलवायचा कमिट निव्वळ हलवण्याचाच करा, जाता जाता कोड सुधारत बसलात तर गिट हिस्टरीत कोण कुठनं आलं ते शोधताना घाम फुटेल.