वाचकांचे प्रश्न : वांग, काळी मान आणि टिकलीचा डाग

प्रश्न : वय 38. दुसऱ्या बाळंतपणानंतर गालांवर आणि वरच्या ओठावर वांग आले. मेडिकलवाल्याने दिलेल्या ट्यूबने तीन आठवड्यांत चेहरा उजळला. पण लावायचं थांबवलं की लाली येते, आग होते आणि डाग पहिल्यापेक्षा गडद दिसतात. वर्षभर हेच चाललंय. — एक वाचक, भांडुप

उत्तर : ताई, ट्यूब उलटी करून बारीक अक्षरं वाचा. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन किंवा फ्लुओसिनोलोन अशी तीन नावं असतील, तर शेवटचं स्टेरॉइड आहे. औषध वांगाचंच आहे, पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रात्री, फक्त डागांवर आणि साधारण आठ आठवड्यांपर्यंत लावायचं असतं. वर्षभर चेहराभर चोपडलं की त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, पुरळ येतं, लव वाढते. बंद केल्यावर आग होते, म्हणून माणूस पुन्हा ट्यूबकडे वळतो. 2018 साली अशी 14 स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला सरकारने मनाई केली. काउंटरवर अजूनही ‘फेअरनेसची द्या’ म्हटलं की मिळतात, हा भाग वेगळा.

ट्यूब एकदम फेकू नका. त्वचारोगतज्ज्ञ ती हळूहळू कमी करून देतील. केईएम, सायन, नायर या मुंबई पालिकेच्या रुग्णालयांच्या ओपीडीत केसपेपर काढूनही हे होतं. जाताना ट्यूब सोबत न्या. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर तेही सांगा, त्यांनी वांग वाढतात. तोवर सौम्य फेसवॉश, साधं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन, बस. फेशियल, ब्लीच, स्क्रब नको.

सनस्क्रीन एसपीएफ 30 किंवा जास्त आणि पीए+++ असलेलं घ्या. प्रमाण : तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर बुडापासून टोकापर्यंत पट्टा ओढा, तेवढं चेहरा आणि मान मिळून. बहुतेकजणी याच्या निम्मंही लावत नाहीत आणि मग सनस्क्रीन चालत नाही म्हणतात. वांगाला नुसत्या उन्हाचाच नाही, दिसणाऱ्या उजेडाचाही त्रास होतो. म्हणून त्वचेच्या रंगाचं, आयर्न ऑक्साइड असलेलं टिंटेड सनस्क्रीन घ्या. मुंबईच्या घामात सकाळचा थर दुपारपर्यंत टिकत नाही. लोकलमध्ये रुमालाने चेहरा चोळू नका, टिपा. उन्हात असाल तर दर दोन-तीन तासांनी पुन्हा लावा. पावसाळ्यातही. ऑफिसात खिडकीशी बसत असाल तरीही, कारण काचेतून यूव्हीए किरणं (उन्हातली न दिसणारी अतिनील किरणं) आत येतात.

त्वचा शांत झाल्यावर डॉक्टर बहुधा 15 ते 20 टक्के अ‍ॅझेलाइक अ‍ॅसिड देतील. रात्री वाटाण्याएवढं. सुरुवातीला थोडी खाज येते, ती जाते. फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात. बाळाचा विचार असेल तरी हे चालतं, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन मात्र नाही. ट्रॅनेक्झामिक अ‍ॅसिडच्या गोळ्या मैत्रिणीच्या सांगण्यावरून अजिबात घेऊ नका. त्यांनी रक्ताच्या गुठळ्यांचा धोका असतो, गर्भनिरोधक गोळ्यांबरोबर तो आणखी वाढतो.

प्रश्न : सोळा वर्षांच्या मुलाची मान आणि काखा काळ्या पडल्यात. रोज लिंबू लावून घासणीने घासतो, तरी मळ निघत नाही. — बोरिवली

उत्तर : तो मळ नाहीच. हात फिरवल्यावर त्वचा मखमलीसारखी जाड, खरखरीत लागते का? तशी लागत असेल तर बहुतेकदा इन्सुलिन नीट काम करत नसल्याची ती खूण असते, विशेषतः वजन जास्त असेल तर. मलमाआधी उपाशीपोटीची साखर आणि एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) तपासून घ्या. वजन उतरलं की मानही हळूहळू निवळते. खरखर कमी करायला 10 ते 20 टक्के युरियाचं क्रीम रात्री लावता येईल. घासणी आजच टाका, घासण्यानेही त्वचा काळवंडते. आणि लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर भाजल्यासारखे फोड येऊन मागे महिनोन्‌महिने काळे चट्टे राहतात.

प्रश्न : टिकलीच्या जागी फिकट पांढरा डाग पडलाय. मोठी टिकली लावून झाकते. — गिरगाव

उत्तर : झाकू नका, चिकटणारी टिकली आजपासून बंद. काही टिकल्यांच्या गोंदातलं रसायन रंग तयार करणाऱ्या पेशीच मारतं. लवकर थांबवलं तर औषधाने रंग परत येण्याची शक्यता जास्त. त्या जागी कुंकूही तूर्त नको, आणि याच आठवड्यात डाग त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, कारण कोडाची सुरुवातही अशीच दिसते.